मासे आणि सोयाबीन: कुणी, कुठलं, किती खायचं याचा घरगुती हिशेब

माझं माहेर मालवणकडचं आणि सासर लातूरकडचं. माहेरी ताटात मासा नसेल तर "आज जेवण काय, नुसताच भात?" असं विचारतात. सासरी शेतात सोयाबीनच सोयाबीन, पण आधी घरात त्याचा एक दाणा शिजत नसे, सगळा माल थेट मोंढ्यावर जायचा आणि त्या पैशातून तूरडाळ यायची. आता आमच्या घरच्या ग्रुपवर एक दिवस माहेरकडून "माशात पारा असतो" असा फॉरवर्ड येतो, दुसऱ्या दिवशी सासरकडून "सोयाबीनने पुरुषांचे हार्मोन बिघडतात" असा येतो, आणि गंमत म्हणजे दोन्हीत थोडं थोडं खरं आहे, म्हणून तर ते इतके फिरतात.

धाकटी बहीण गरोदर राहिली आणि तिने फोनवर विचारलं, "ताई, मोरी (म्हणजे शार्क मासा) खाऊ ना? आई म्हणते बाळंतपणात मोरीच पाहिजे." तेव्हा मी वही घेऊन बसले. त्या वहीतला हिशेब इथे लावून दाखवते. मी डॉक्टर नाही, किडनी, लिव्हर वगैरेचा आजार चालू असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

पहिली पायरी: ताटावर कोण बसणार आहे ते लिहून काढा

मासा चांगला की वाईट, सोयाबीन चांगलं की वाईट, या प्रश्नाला उत्तरच नाही. कुणासाठी, कुठला, किती आणि कशाच्या ऐवजी, हे चार प्रश्न विचारले की उत्तर येतं. म्हणून आधी माणसं लिहा. आमच्या घरची यादी अशी: गरोदर बहीण, तिचा चार वर्षांचा मुलगा, बीपीवाले बाबा, युरिक अॅसिड वाढलेले काका, थायरॉइडची गोळी घेणाऱ्या सासूबाई (शुद्ध शाकाहारी), आणि आम्ही दोघं, ज्यांना सध्या तरी काही नाही. एकच बांगडा या सगळ्यांसाठी वेगवेगळा पदार्थ आहे, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

दुसरी पायरी: मासा केवढा होता आणि काय खायचा ते बघा

पाऱ्याची गोष्ट अशी की पाण्यातले जंतू त्याचं मिथाइल मर्क्युरी, म्हणजे शरीरात साठणारं विषारी रूप, करतात, ते बारीक जीवांत जातं, त्यांना खाणाऱ्या छोट्या माशात जातं, छोट्यांना खाणाऱ्या मोठ्यात जातं, आणि प्रत्येक टप्प्यावर साठत जातं. म्हणजे जितका मासा मोठा, म्हातारा आणि शिकारी, तितका पारा जास्त. जपानमध्ये मिनामाता इथे एका केमिकल कारखान्याचं सांडपाणी खाडीत जायचं, तिथले मासे खाऊन माणसांच्या मज्जासंस्थेवर परिणाम झाले, १९५६ मध्ये तो आजार उघडकीला आला, आणि आईच्या पोटातल्या बाळांना सगळ्यात जास्त फटका बसला. आपल्या बाजारातला मासा मिनामातासारखा आहे असं अजिबात नाही, पण गरोदर बाईला वेगळा नियम का, ते तिथून कळतं.

आता आकडे लावून बघू. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याची मर्यादा आहे शरीराच्या दर किलोला रोज ०.१ मायक्रोग्रॅम. साठ किलोच्या बाईला आठवड्याला ४२ मायक्रोग्रॅम. तिकडच्या मोजमापात शार्कमध्ये किलोला सरासरी एक मिलिग्रॅमच्या जरा खाली पारा सापडतो, म्हणजे १५० ग्रॅमच्या एका ताटात साधारण १४७ मायक्रोग्रॅम. एका जेवणात साडेतीन आठवड्यांचा कोटा संपला! तेवढीच तारली, म्हणजे सार्डिन, घेतली तर जेमतेम २ मायक्रोग्रॅम. दोन्ही मासेच, पण फरक सत्तर पटीपेक्षा जास्त.

मग मोरी? मोरी शार्कच, पण आपल्याकडे बाजारात येणारी बरीचशी मोरी लहान जातीची असते, कोळंबी आणि बारीक मासे खाणारी, तिला अमेरिकेतल्या मोठ्या शार्कचा आकडा जसाच्या तसा लावणं बरोबर नाही. तरीपण कापून ठेवलेल्या तुकड्यावरून ती केवढी होती ते कळत नाही, आणि मोरीत असं काय आहे जे तारलीत नाही? मी बहिणीला सांगितलं, गरोदरपणात आणि बाळ अंगावर पितंय तोवर मोरी नको. आई आठवडाभर बोलली नाही माझ्याशी.

बाजारातल्या नावांची मी अशी वाटणी केलीये. बिनधास्त घ्यायचे: तारली, मांदेली, बांगडा, बोंबील, कोळंबी, मुडदुशी, लहान पापलेट. अधूनमधून घ्यायचे: सुरमई, रावस, कुपा म्हणजे ट्युना, घोळ. सुरमई शिकारी मासा आहे, छोटी असेल तर ठीक, पण हाताएवढ्या जाड गादीचे तुकडे पडतात ती मोठी सुरमई गरोदर बाईने आठवड्यात एकदाच्या वर नको, आणि ती खाल्ली त्या आठवड्यात दुसरा मोठा मासा नको. टाळायचे: मोठा शार्क, तलवार मासा.

अजून दोन गोष्टी. पारा माशाच्या मांसात, प्रथिनांना चिकटून असतो, त्यामुळे धुऊन, तळून, कातडी काढून तो जात नाही. आणि शरीरात गेलेला पारा निम्मा व्हायला साधारण पन्नासेक दिवस लागतात, म्हणून मूल हवं असेल तर टेस्ट पॉझिटिव्ह यायची वाट न बघता आधीपासूनच छोट्या माशांवर या.

तिसरी पायरी: फायदा पण त्याच वहीत लिहा

पाऱ्याच्या भीतीने मासाच बंद करणारे लोक मी बघितलेत, आणि मला ते जास्त नुकसानीचं वाटतं. २००६ मध्ये जामा या अमेरिकन वैद्यकीय पत्रिकेत सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, त्यात आठवड्याला एक-दोनदा मासे, त्यातही तेलकट मासे, खाणाऱ्यांत हृदयविकाराने मरण्याचा धोका सुमारे ३६ टक्क्यांनी कमी दिसला, आणि मोठ्या माणसांसाठी हा फायदा पाऱ्याच्या धोक्यापेक्षा वजनदार ठरला. गरोदर बाईलासुद्धा अमेरिकेतला सल्ला मासे बंद करा असा नाहीये, कमी पाऱ्याचे मासे आठवड्याला २२५ ते ३४० ग्रॅम खा असा आहे, कारण बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना डीएचए (माशातलं एक ओमेगा-३ मेद) लागतं. शिवाय बी१२, आयोडीन, सेलेनियम, ड जीवनसत्त्व, आणि मांदेली काट्यासकट चावून खाल्ली तर कॅल्शियम.

२२५ ग्रॅम म्हणजे नक्की किती हे मला कळत नव्हतं म्हणून एकदा बांगडा किचनच्या काट्यावर ठेवला. अख्खा १६० ग्रॅम, डोकं-आतडी काढून ११० च्या आसपास, आणि काटे बाजूला केल्यावर खाल्लेलं मांस ८५ भरलं. म्हणजे आठवड्याला असे तीन-चार मध्यम बांगडे झाले की गरोदर बाईचा हिशेब पूर्ण. चार वर्षांच्या पोराला एका वेळी साधारण ५५-६० ग्रॅम, आठवड्यातून दोनदा. काटे मात्र स्वतःच्या बोटांनी चाचपून काढा, चमच्याने कळत नाही.

आता "कशाच्या ऐवजी" हा मुद्दा. मटण किंवा वेफर्स-फरसाणच्या जागी मासा आला तर फायदा, आणि डाळ-भाजी काढून तळलेली सुरमई आली तर तो फायदा कुठून येणार? तेलकट माशात १०० ग्रॅमला साधारण एक ग्रॅमच्या आसपास ओमेगा-३ असतं, ऋतूप्रमाणे कमीजास्त, पण कढईत बुडवून तळलं की त्यातलं काही तेलात उतरतं आणि कढईतलं तेल माशात जातं. रवा लावून तव्यावर थोड्या तेलात, किंवा तिरफळं घातलेलं तिखलं, किंवा केळीच्या पानात भाजलेलं, हे सगळं चालतं. बोंबलाचं एक सांगते, ओल्या बोंबलात बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे कुरकुरीत बोंबील फ्राय म्हणजे चवीला स्वर्ग, पण प्रोटीनचा हिशेब त्यावर मांडू नका.

फिशऑइलच्या कॅप्सूल घेऊन काम भागेल का? अमेरिकेत २५ हजारांवर लोकांवर झालेल्या व्हायटल चाचणीचे निकाल २०१८ ला आले, त्यात रोजच्या एक ग्रॅम कॅप्सूलने हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे मिळून मोठ्या घटनांत ठळक फरक पडला नाही. जास्त डोसमध्ये हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो असंही दिसलंय. डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर घ्या, मनाने नको.

चौथी पायरी: बाजार ते फ्रिज, इथेच जास्त गडबड होते

पाऱ्याचा धोका हळू असतो, शिळ्या माशाचा त्याच रात्री. माझ्या मावसभावाने दुपारी बांगडे घेतले, उन्हात बाइकच्या डिकीत ठेवून दोन कामं उरकली आणि रात्री आमटी केली. जेवून अर्ध्या तासात त्याचं तोंड लालभडक, डोकं ठणकायला लागलं, अंगाला खाज. त्याच्या बायकोलाही तेच. त्यानंतर तीन वर्षं तो "मला माशाची अॅलर्जी आहे" म्हणून नुसतं वरण खात होता. ती अॅलर्जी नव्हतीच. बांगडा, तारली, कुपा या माशांत हिस्टिडिन भरपूर असतं, मासा गरम राहिला की जंतू त्याचं हिस्टामिन, म्हणजे अॅलर्जीसारखी लक्षणं आणणारं द्रव्य, करतात, आणि एकदा झालं की ते शिजवून किंवा फ्रीज करून जात नाही. ओळखायची खूण: एकाच ताटातले दोघं-तिघं एकदम लाल होतात, कधी कधी खातानाच जिभेला मिरमिरतं, आणि तोच मासा दुसऱ्या वेळी ताजा खाल्ला तर काही होत नाही. खरी अॅलर्जी, खास करून कोळंबी-खेकड्याची, वेगळी असते, त्यात घसा सुजू शकतो, श्वास अडकू शकतो, तेव्हा घरी बसून ठरवत बसू नका, सरळ हॉस्पिटल. आणि ती अॅलर्जी आहे की नाही हे घरी खाऊन बघायचं नाही, डॉक्टरांकडूनच तपासून घ्यायचं.

तर बाजारात जाताना थर्माकोलचा डबा किंवा किमान बर्फाची पिशवी न्या, मासळी शेवटी घ्या, घरी येऊन आधी साफ करून फ्रिजमध्ये, मग चहा. घेताना कल्ले उचलून बघा, लाल पाहिजेत, विटकरी-तपकिरी नकोत. डोळा फुगीर आणि चकचकीत, बोटाने दाबलं की खड्डा भरून आला पाहिजे. वास समुद्राचा हवा, अमोनियाचा नको. ओळखीची मावशी असेल तर बरंच काम सोपं होतं, तिला विचारायचं "मावशी, मी काय नेऊ आज?" ती स्वतःच शिळं बाजूला सारते, गिऱ्हाईक तुटू नये म्हणून.

फॉर्मलिनचं (मासा टिकवायला लावतात ते विषारी रसायन) प्रकरण जुलै २०१८ मध्ये गोव्यात गाजलं होतं, सरकारने बाहेरून येणाऱ्या मासळीवर पंधरा दिवसांची बंदी घातली. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने घरी तपासायच्या कागदी पट्ट्यासुद्धा काढल्या आहेत. "माशी बसत नाही म्हणजे फॉर्मलिन" असं म्हणतात, मी त्यावर फार विसंबत नाही. त्यापेक्षा हंगाम बघा. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्या काळात मोठी सुरमई-पापलेटं ढिगाने दिसली तर ती लांबून किंवा फ्रीजरमधून आलेली असणार. तेव्हा रोहू-कटला घ्या, नाहीतर सुकट (सुकवलेली बारीक कोळंबी) काढा.

सुकट, सोडे, सुके बोंबील यांत प्रोटीन झकास, पण खारवलेली असतील तर मीठ पण तितकंच. बीपीवाल्या बाबांना आम्ही सुकट दोनदा कोमट पाण्यात धुऊन, वरून मीठ न घालता, पंधरवड्यातून एकदा देतो, ते चोरून लोणचं खातात तो भाग वेगळा. युरिक अॅसिडवाल्या काकांना तारली, मांदेली, बांगडा, कोळंबी कमी, कारण त्यात प्युरिन जास्त, त्याचंच शरीरात युरिक अॅसिड होतं. आणि तिसऱ्या-कालवं (शिंपल्यांतले जीव) घाणेरड्या खाडीतली असतील तर कुणीच खाऊ नयेत, ती पाणी गाळून जगतात, पाण्यात जे असेल ते त्यांच्यात. शिजवताना ज्यांचं तोंड उघडलं नाही त्या टाकून द्या.

माशावर दूध प्यायलं की कोड येतं याला पुरावा नाही. कोड हा शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच रंगपेशींवर हल्ला केल्याने होतो.

पाचवी पायरी: सोयाबीन कुठल्या रूपात आलंय ते बघा

"आम्ही सोयाबीन खातो की, तेल तेच वापरतो" असं सांगणारे खूप भेटतात. रिफाइंड तेलात ना प्रोटीन ना ते प्रसिद्ध आयसोफ्लेव्होन, म्हणजे सोयातले हार्मोनसारखे दिसणारे घटक. आणि सोया वड्या, म्हणजे चंक्स, तेल काढून उरलेल्या पिठाच्या, त्यामुळे त्यात प्रोटीन १०० ग्रॅमला ५० च्या वर, पण ओमेगा-३ च्या नावाने जवळजवळ शून्य. मूठभर, साधारण २५ ग्रॅम कोरड्या वड्या म्हणजे १३ ग्रॅम प्रोटीन, एका माणसाला एका वेळी बास. मीठ टाकलेल्या गरम पाण्यात भिजवा, घट्ट पिळा, परत साध्या पाण्यातून काढून पिळा, मग तो पेंडीचा वास जातो. हॉटेलातल्या सोया चापात मैदा बराच असतो, ते सोया म्हणून मोजू नका. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात ९०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम, ते मीठच समजा.

आपल्याकडे दहा किलो गव्हात किलोभर सोयाबीन टाकून दळून आणायची पद्धत आहे. चांगली आहे, पण कच्चं टाकू नका. कच्च्या दाण्यात प्रोटीन पचवणारं ट्रिप्सिन हे पाचकद्रव्य अडवणारा घटक असतो. दाणे उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं ठेवा, निथळून कडक उन्हात वाळवा, मग दळा. उग्र वास पण जातो. सासूबाईंनी पहिल्या वेळी ऐकलं नाही, कच्चंच दळलं, आणि दोन दिवस अख्खं घर गॅसने हैराण होतं, तेव्हापासून त्या स्वतःच पातेलं चढवतात.

सोयाबीनमधलं लोह दाण्यातल्याच फायटेट नावाच्या घटकामुळे नीट शोषलं जात नाही, वर लिंबू पिळा. ऑक्झलेटचे मुतखडे वारंवार होत असतील तर सोया रोज नको. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला साधं सोया मिल्क दुधाच्या जागी कधीच नाही.

सहावी पायरी: हार्मोनची भीती तोलून बघा

आयसोफ्लेव्होनचा आकार इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनसारखा असतो हे खरं, पण शरीरात ते इस्ट्रोजेनसारखं पूर्ण ताकदीने वागत नाही. पुरुषांवरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१० मध्ये झाला आणि २०२१ मध्ये परत, दोन्हीत टेस्टोस्टेरॉन या पुरुषांच्या हार्मोनवर परिणाम दिसला नाही. छाती वाढल्याची एक केस खरोखर आहे, २००८ ची, साठ वर्षांचा माणूस, रोज जवळजवळ पावणेतीन लिटर सोया मिल्क पीत होता! बंद केल्यावर सुटला. मूठभर वड्या आणि पावणेतीन लिटर यात काही तुलना आहे का? त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका अभ्यासात जास्त सोया खाणाऱ्यांत शुक्राणूंची घनता कमी दिसली होती, मात्र त्यांची हालचाल आणि आकार यात फरक नव्हता. मूल होण्यासाठी ट्रीटमेंट चालू असेल तर रोज दोन-दोन वेळा सोया शेक ढोसू नका, इतकंच मी त्यातून घेते.

स्तनाच्या कॅन्सरबद्दल भीती सगळ्यात जास्त. शांघायमध्ये कॅन्सर होऊन गेलेल्या पाच हजारांवर बायकांचा अभ्यास २००९ मध्ये आला, त्यात सोया खाणाऱ्यांत आजार परत उलटण्याचं प्रमाण कमी होतं. पण ते टोफू, सोया मिल्क, दाणे असं जेवणातलं सोया होतं, आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या नव्हे. गोळ्या मी कुणालाच सुचवणार नाही.

फायदाही फुगवून सांगू नये. १९९९ मध्ये अमेरिकेने रोज २५ ग्रॅम सोया प्रोटीन हृदयाला चांगलं असं पाकिटावर लिहायला परवानगी दिली, २०१७ मध्ये तिथल्याच खात्याने ती मागे घ्यायचा प्रस्ताव ठेवला. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, तीन-चार टक्के उतरतं, म्हणजे १३० चं १२५. बरं आहे, पण त्यासाठी कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू नका.

सातवी पायरी: औषधांशी टक्कर

सासूबाईंची थायरॉइडची गोळी सोयाबरोबर पोटात गेली की कमी शोषली जाते. सोया बंद करायची गरज नाही, गोळी पहाटे उपाशीपोटी, सोया दुपारी, मधे तीन-चार तास. रोजचं प्रमाण सारखं ठेवा आणि सोया नव्याने सुरू केल्यावर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) एकदा करून घ्या. सैंधवाच्या नादात आयोडीनवालं मीठ बंद केलं असेल तर ते आधी परत आणा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर फिशऑइल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

आता आठवडा मांडा

आमच्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार वार पाळतात, त्यामुळे अर्धा हिशेब आपोआप झाला. बुधवारी तारली किंवा बांगडा, रविवारी पापलेट नाहीतर कोळंबी, महिन्यातून एखाद्या रविवारी सुरमई. सोमवारी वड्यांचा रस्सा, गुरुवारी टोफूची भुर्जी, चपातीत सोयाबीन आहेच. बाकी दिवस डाळ, उसळ, अंडं. श्रावणात मासा बंद, तेव्हा सोया एक दिवस वाढतो. सासूबाईंसाठी जवसाची चटणी रोज चमचाभर, त्यांच्या गावाकडे ती तशीही ताटात असतेच, मात्र जवसातल्या ओमेगा-३ चं शरीरात डीएचए फार थोडं होतं, त्यामुळे शाकाहारी गरोदर बाई असेल तर शेवाळापासून काढलेल्या डीएचएबद्दल डॉक्टरांना विचारा, आणि बी१२ तपासा, सोयाबीनमधून ते मिळत नाही.

बहिणीला मुलगी झाली. आई बारशाला पिशवीत तारली घेऊन आली, साफ करताना अर्धा तास "आमच्या वेळी मोरीच खाल्ली, तुम्ही दोघी काय बिघडलात?" हे ऐकवत होती.